व्हेनिसमधून पळालेला पोरगा पुरंदरच्या छावणीत मिर्झाराजांसोबत पत्ते खेळत बसला होता

साल 1665. जून महिना. पुरंदरच्या पायथ्याला मुघलांची छावणी पडली होती. रात्रीची वेळ. मिर्झाराजे जयसिंग आपल्या तंबूत पत्ते खेळत बसले होते. डावात तिघं होते. एक स्वतः मिर्झाराजे, दुसरा त्यांचा ब्राह्मण आणि तिसरा सत्तावीस वर्षांचा एक गोरा तरुण. डाव रंगात आला असताना तंबूत शिवाजी महाराज आले. तिघंही उठून उभे राहिले. महाराजांची नजर त्या गोऱ्या पोरावर गेली आणि त्यांनी मिर्झाराजांना विचारलं, हा कुठल्या देशाचा राजा?

मिर्झाराजांनीही हसत हसत सांगून टाकलं की हा फिरंग्यांचा राजा आहे. महाराजांना नवल वाटलं. आमच्याकडेही फिरंगी नोकरीला आहेत, पण ते असे दिसत नाहीत, असं ते म्हणाले.

खरं तर तो कुठलाच राजा नव्हता. तो मिर्झाराजांच्या तोफखान्यातला पगारी नोकर होता. घरातून पळून आलेला, शाळा अर्धवट सोडलेला. नाव निकोलाव मनुची. गाव व्हेनिस.

हा प्रसंग आपल्याला माहीत आहे तो खुद्द मनुचीने लिहून ठेवला म्हणून. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, दारा शुकोह, औरंगजेब यांच्याबद्दल बोलताना आजही त्याचं नाव निघतं. कुणी त्याला प्रत्यक्षदर्शी म्हणतं, कुणी थापाड्या. तो नेमका कोण होता, इथे कसा आला आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्याच्या गावापासून करायला लागते.

खाजणातलं शहर

एड्रियाटिक समुद्राच्या अगदी वरच्या टोकाला व्हेनिस आहे. उथळ खाडी, चिखल, छोटी छोटी बेटं. त्या चिखलात हजारो लाकडी खांब ठोकून त्यावर माणसांनी घरं, चर्च, राजवाडे उभे केले. आपल्याकडे 1970 साली सिडको आली, खाजणांवर आणि मिठागरांवर भराव पडला आणि नवी मुंबई उभी राहिली. व्हेनिसने चिखलावर शहर वसवण्याचं काम त्याच्या हजारेक वर्षं आधी केलं होतं, तेही यंत्रांशिवाय.

पण या शहराचा पैसा यायचा आपल्याकडून. म्हणजे मलबारच्या मिरीतून. मिरी, सुंठ, दालचिनी अरबांच्या जहाजांतून तांबड्या समुद्रात जायची, तिथून इजिप्तला आणि इजिप्तहून व्हेनिसची जहाजं ती युरोपात न्यायची. अख्ख्या युरोपाच्या जेवणातली चव या एका बंदरातून जात होती, असं म्हटलं तरी चालेल.

1498 साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला आणि या धंद्याला पहिला मोठा हादरा बसला. व्हेनिस एका रात्रीत बुडालं नाही, पुढची शंभरेक वर्षं त्याने तग धरला. पण नंतर डच आणि इंग्रजही त्या समुद्रात उतरले आणि मसाल्याची वाटच बदलली. त्यात 1630-31 मध्ये प्लेग आला आणि शहरातली साधारण एक तृतीयांश माणसं गेली. 1645 पासून क्रीट बेटासाठी तुर्कांशी युद्ध सुरू झालं, ते 1669 पर्यंत चाललं.

मनुचीचा जन्म या उतरत्या काळातला, 1638 चा. घर साधं, भावंडं बरीच, हा सगळ्यात मोठा. बंदराच्या गावात वाढलेल्या पोराला समोर जहाजं दिसतात, पण त्याला त्या जहाजावर कुणी घेत नाही. मनुचीला जग बघायचं होतं आणि बाप सोडायला तयार नव्हता.

लपून बसला आणि निघाला

नोव्हेंबर 1653. पंधराएक वर्षांचा निकोलाव तुर्कस्तानातल्या स्मर्ना बंदराकडे निघालेल्या एका जहाजात लपून बसला. जहाज समुद्रात गेल्यावर भुकेने बाहेर यावं लागलं. नशीब असं की त्याच जहाजावर एक इंग्रज सरदार वेष बदलून प्रवास करत होता. त्याचं नाव हेन्री बार्ड, हुद्दा व्हायकाउंट बेलोमाँट.

या सरदाराची गोष्टही वेगळी होती. इंग्लंडमध्ये 1649 साली राजा पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं होतं आणि त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परदेशात आसरा शोधत फिरत होता. गादी परत मिळवायला पैसा हवा होता. तो मागायला बेलोमाँट इराणच्या शाहकडे आणि जमलंच तर हिंदुस्थानच्या बादशहाकडे निघाला होता. त्याला एक चुणचुणीत नोकर हवा होता आणि मनुचीला कुणीतरी मोठा माणूस.

दोघं तुर्कस्तान ओलांडून इराणमध्ये गेले. इस्फहानला त्यांचा मुक्काम वर्षभर लांबला. शाहने मेजवान्या दिल्या, गोड बोलला, पण पैसे काही दिले नाहीत. या दोन वर्षांत मनुची तुर्की आणि फारसी शिकला. पुढे आयुष्यभर त्याला पोटाला लावलं ते याच भाषांनी.

जानेवारी 1656 मध्ये दोघं सुरतेला उतरले. तिथून आग्र्याला आणि आग्र्याहून दिल्लीकडे निघाले. जूनचा कडक उन्हाळा होता. आजच्या हरियाणात होडल नावाचं गाव आहे, तिथे बेलोमाँट तडकाफडकी वारला.

अठरा वर्षांचं पोरगं. मालक मेलेला, ओळखीचं कुणी नाही, घर हजारो मैल लांब. वर सरकारी माणसांनी मेलेल्या वकिलाच्या सामानाला सील ठोकलं. पाठोपाठ दोन इंग्रज उगवले आणि ते सामान आमचंच आहे म्हणत घेऊन गेले. त्यात मनुचीचंही किडुकमिडुक होतं.

दुसरा कुणी असता तर सुरतेला जाऊन परतीचं जहाज शोधलं असतं. मनुची थेट दिल्लीला गेला आणि शाहजहानच्या दरबारात दाद मागितली. फारसी येत होती, दरबारी रीतिभाती इराणमध्ये बघितल्या होत्या. वजिरासमोर त्याने आपली बाजू नीट मांडली. या सगळ्यात दरबारातल्या लोकांना तो ठाऊक झाला आणि लवकरच त्याला शाहजहानच्या थोरल्या मुलाकडे, दारा शुकोहकडे नोकरी लागली. काम तोफखान्यात, पगार महिना ऐंशी रुपये.

तोफ चालवायचा त्याला अनुभव होता का? अजिबात नाही. पण युरोपातून आलेला म्हणजे तोफेतला जाणकार, असा तेव्हा समज होता. मनुचीने तो समज मोडायचा कधी प्रयत्न केला नाही.

हरलेल्या बाजूला उभा राहिलेला

29 मे 1658. आग्र्याजवळ सामूगढला दारा आणि औरंगजेब यांची लढाई झाली. मनुची दाराच्या तोफखान्यात होता. ऐन लढाईत दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. हौद्यात मालक दिसेना म्हणून सैन्याला वाटलं तो मेला आणि पळापळ झाली. हिंदुस्थानच्या गादीचा निकाल त्या दुपारी लागला.

बहुतेक नोकरदार जिंकणाऱ्याकडे गेले. मनुचीने वेष बदलला आणि पळणाऱ्या दाराला गाठायला लाहोरची वाट धरली. तिथून सिंधमध्ये. सिंधू नदीच्या मधोमध भक्कर नावाचा बेटावरचा किल्ला आहे, तो दाराच्या माणसांनी लढवत ठेवला होता. तिथल्या फिरंगी तोफचींचा म्होरक्या हा विशीतला मनुची होता. किल्ला पडला नाही. शेवटी दारा पकडला गेला आणि त्याच्याकडून आलेल्या हुकमावरून किल्ला खाली करावा लागला. ऑगस्ट 1659 च्या अखेरीस दिल्लीत दाराला मारण्यात आलं.

औरंगजेबाच्या लोकांनी त्याला नोकरी देऊ केली होती. त्याने ती नाकारली. मनुची पुढे अनेकदा मालक बदलताना दिसेल, पैशासाठी नाही नाही ते उद्योग करताना दिसेल. पण औरंगजेबाबद्दलची अढी त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. त्याचं पुस्तक वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला लागते, कारण औरंगजेबाबद्दल तो जे लिहितो ते दाराच्या नोकराने लिहिलेलं आहे.

मिर्झाराजांची छावणी आणि महाराज

पुढची काही वर्षं तो बंगालपर्यंत भटकून आला. मग त्याची गाठ मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा कीरतसिंग याच्याशी पडली आणि त्याच्यामार्फत खुद्द मिर्झाराजांशी. मिर्झाराजांना पत्त्यांचा शौक होता आणि त्यांनी मनुचीकडून युरोपातला खेळ शिकून घेतला. 1664 साली औरंगजेबाने मिर्झाराजांना शिवाजी महाराजांवर पाठवलं, तेव्हा मनुचीही तोफखान्याचा अधिकारी म्हणून दख्खनमध्ये आला.

त्याच्याकडे आणखी एक काम आलं. कोकणच्या उत्तरेला आणि सह्याद्रीच्या घाटात छोटी छोटी संस्थानं होती. रामनगर म्हणजे आजचं गुजरातमधलं धरमपूर आणि पेठ म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. सुरतेला जायची वाट या राजांच्या मुलखातून जात होती. त्यांनी महाराजांना मदत करू नये यासाठी मिर्झाराजांनी मनुचीला त्यांच्याकडे वकील म्हणून पाठवलं.

मग पुरंदर. मार्च अखेरीस वेढा पडला, मुरारबाजी धारातीर्थी पडले आणि 11 जून 1665 ला महाराज मिर्झाराजांच्या भेटीला छावणीत आले. तहात तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. आपल्या इतिहासातले ते सगळ्यात जड दिवस. मनुचीच्या सांगण्याप्रमाणे सुरुवातीला सांगितलेला पत्त्यांचा प्रसंग महाराज छावणीत असतानाच्या दिवसांतला आहे.

त्यानंतर महाराजांशी आपलं बऱ्याचदा बोलणं झालं, असं मनुची लिहितो. महाराज त्याला युरोपाबद्दल विचारत. युरोपात पोर्तुगालशिवाय आणखी राजे आहेत, ते किती मोठे आहेत, हे आपण त्यांना सांगितलं असा त्याचा दावा आहे. धर्माबद्दलही बोलणं झालं.

यात शेखी किती आणि खरं किती? महाराजांना युरोपात एकच राजा वाटत होता, हे पटणं कठीण आहे. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज, इंग्रज आणि डच अशा तिघांच्याही जहाजांची ये-जा होती. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांना महाराजांनी आधीच कैद केलं होतं. कल्याण-भिवंडीच्या खाडीत त्यांची जहाजं बांधायला पोर्तुगीज माणसं होती. कदाचित समोरच्याला बोलतं करायला माणूस आपल्याला कमी माहीत असल्याचं दाखवतो, तसंही असेल. मनुचीला वाटलं आपण शिकवतोय. माहिती कोण कोणाकडून काढून घेत होतं, हा प्रश्न उरतोच.

पण एक गोष्ट त्या वर्णनातून नीट दिसते. इतका मोठा तह डोक्यावर असताना, तेवीस किल्ले देऊन बसलेला राजा, शत्रूच्या तंबूत एक परका माणूस बघतो आणि त्याला त्याच्या देशाबद्दल विचारतो. हे सांगणारा माणूस महाराजांचा चाकर नव्हता, भाट नव्हता. तो शत्रूच्या पगारावर होता.

न शिकलेला डॉक्टर

मिर्झाराजांची नोकरी सोडून मनुची वसईला आला. वसई तेव्हा पोर्तुगीजांची. तिथे तो धार्मिक न्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या तावडीतून थोडक्यात वाचला. मग गोवा झालं, तिथेही बस्तान बसेना. परत उत्तरेत गेला.

लाहोरला त्याने दवाखाना थाटला. डॉक्टरकी तो कुठे शिकला नव्हता. युरोपियन म्हणजे तोफखान्यातला जाणकार, तसंच युरोपियन म्हणजे वैद्य, हाही त्या काळचा समज. रोगी येत गेले, हा औषधं देत गेला. काही बरे झाले, नाव झालं. फिरंग्यांना भूत उतरवता येतं असंही लोकांना वाटायचं, म्हणून भूतबाधेची माणसं यायला लागली. मनुचीने तेही नाटक केलं आणि पुढे पुस्तकात मोकळेपणाने लिहूनही टाकलं. स्वतःच्या लबाड्या इतक्या उघडपणे सांगणारा लेखक त्या काळात विरळाच.

हातात पैसा आल्यावर त्याला निवांत आयुष्य जगावंसं वाटलं. 1670 च्या दशकात तो आपल्या बाजूला आला आणि राहिला कुठे तर बांद्र्यात. तेव्हाचं बांद्रा म्हणजे पोर्तुगीजांच्या साष्टी बेटाच्या टोकाचं खेडं. पलीकडे खाडी ओलांडली की इंग्रजांची मुंबई. आज वाशीवरून बांद्र्याला जाताना जो पट्टा लागतो, तो त्या काळी तीन-चार सत्तांमध्ये वाटला होता. आपल्या पाम बीच रोडच्या टोकाला बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. त्या किल्ल्यासाठी सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे भांडले. मनुचीच्या काळात या सगळ्या खाड्यांवर असंच चाललं होतं.

बांद्र्यात त्याने साठवलेला पैसा समुद्री व्यापारात घातला. पैसा बुडाला. बंदराच्या गावातून आलेल्या माणसाला समुद्रानेच बुडवलं. पुन्हा दिल्ली, पुन्हा वैद्यकी. या वेळी गिऱ्हाईक मोठं मिळालं. औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याच्या बेगमेचं कानाचं दुखणं त्याने बरं केलं आणि तो शहजाद्याचा वैद्य झाला. 1678 ला शाह आलमला दख्खनची सुभेदारी मिळाली, त्याच्यासोबत मनुची औरंगाबादला आला. आता चाळिशी आली होती. नोकरी सुटेना, रजा मिळेना. शेवटी तो सुरत, दमण करत 1683 मध्ये गोव्याला निसटला.

संभाजी महाराजांच्या समोर

गोव्याला यायला त्याने मुहूर्त नेमका चुकीचा निवडला. 1683 मध्ये संभाजी महाराज आणि पोर्तुगीज यांची जुंपली होती. पोर्तुगीज विजरई कोंदि द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराज स्वतः तिथे पोचले आणि विजरईला मार खाऊन परतावं लागलं. त्याच महिन्यात एका रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला विजरई जखमी होऊन कसाबसा जिवानिशी आला. राजधानी गोवा शहर समोर दिसत होतं.

या धामधुमीत पोर्तुगीजांना फारसी जाणणारा, दरबारात वावरलेला माणूस हवा होता. मनुची संभाजी महाराजांकडे वकील म्हणून गेला, शाह आलमकडेही गेला. तिकडे शाह आलमची मोठी फौज दख्खनमधून कोकणाकडे उतरत होती. संभाजी महाराजांना गोव्यावरचा जोर काढून तिकडे वळावं लागलं आणि गोवा वाचलं. 29 जानेवारी 1684 ला विजरईने मनुचीला सांतियागोचा सरदार हा किताब दिला. आपल्या बाजूने बघितलं तर गोवा हातातोंडाशी आलं होतं आणि निसटलं. त्यात या व्हेनिसवाल्याचाही थोडा हात होता.

बाप महाराजांशी पत्त्यांच्या डावावर ओळख, मुलगा महाराजांशी तहाची बोलणी. मराठ्यांच्या दोन छत्रपतींना समोरासमोर भेटून त्याबद्दल लिहिणारे युरोपियन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

शाह आलमने मात्र त्याला परत जाऊ दिलं नाही. फौजेसोबत अहमदनगरपर्यंत फरफट झाली. अखेर तो गोवळकोंड्याकडे पळाला आणि 1686 मध्ये इंग्रजांच्या मद्रासला पोचला.

पुस्तक लिहिलं एकाने, छापलं दुसऱ्याने

अठ्ठेचाळीस वर्षांचा झाल्यावर मनुचीला पुन्हा व्हेनिस आठवलं. परत जावं असं मनात आलं. पण पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तँ याने त्याला इथेच लग्न करून राहायचा सल्ला दिला. 28 ऑक्टोबर 1686 ला मद्रासमध्ये त्याने एलिझाबेथ क्लार्क या विधवेशी लग्न केलं. एक मूल झालं, ते वाचलं नाही. वैद्यकी चालू राहिली. इंग्रजांना मुघल अधिकाऱ्यांशी बोलायचं असलं की मनुचीला बोलावणं यायचं. गव्हर्नर थॉमस पिटने त्याला नवाब दाऊद खानाकडे नजराणे घेऊन पाठवलं होतं.

या काळात तो लिहायला बसला. मुघल बादशहांचा इतिहास, दरबारातल्या भानगडी, स्वतःची भटकंती, लढाया, औषधं, ऐकीव किस्से असं सगळं एकत्र. पुस्तकाचं नाव स्तोरिया दो मोगोर, म्हणजे मुघलांची हकिकत. आयुष्यभर दहा ठिकाणी राहिलेल्या माणसाची एक भाषा उरली नव्हती. कधी इटालियन, कधी पोर्तुगीज, कधी फ्रेंच, लेखनिक मिळेल तसं तो सांगत गेला.

छापायला म्हणून हस्तलिखित फ्रान्सला पाठवलं. तिथे ते काट्रू नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या हाती लागलं. त्याने हवं ते उचललं, नको ते गाळलं, स्वतःची भर घातली आणि 1705 मध्ये मुघलांचा इतिहास म्हणून पुस्तक काढलं. मनुचीचं नाव आत होतं, पण पुस्तक मनुचीचं राहिलं नव्हतं. पन्नास वर्षांची भटकंती दुसऱ्याच्या नावावर जमा झाली.

मनुची चिडला. मग त्याने जे केलं त्यात त्याचा स्वभाव दिसतो. इतकी वर्षं ज्या शहराला पाठ दाखवली होती, त्याच व्हेनिसच्या सिनेटला त्याने आपले मूळ कागद पाठवले आणि ते छापण्याची विनंती केली. एका कपुचिन पाद्र्याच्या हाती हे गाठोडं गेलं. मनुची स्वतः कधीच परत गेला नाही, त्याचे कागद मात्र घरी पोचले. सिनेटने ते जपून ठेवले. छापले नाहीत.

डिसेंबर 1706 मध्ये बायको गेली. मनुची 1720 च्या सुमारास हिंदुस्थानातच वारला.

पुस्तक नीट जगासमोर यायला विसावं शतक उजाडलं. विल्यम अर्विन नावाच्या निवृत्त आयसीएस अधिकाऱ्याने व्हेनिस आणि बर्लिनमधली हस्तलिखितं शोधून काढली आणि 1907-08 मध्ये चार खंडांत इंग्रजी भाषांतर छापलं. मराठीतही ज. स. चौबळ यांनी केलेलं भाषांतर असे होते मोगल या नावाने आहे.

कागदांसोबत एक लाल चोपडी

व्हेनिसला गेलेल्या गाठोड्यापेक्षा आधीच मनुचीने एक चित्रांचा संग्रह युरोपात धाडला होता. शाह आलमच्या पदरी असताना मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून त्याने 1686 च्या आधी ही चित्रं काढून घेतली होती. तैमूरपासून औरंगजेबापर्यंतचे बादशहा, शहजादे, दख्खनचे सुलतान आणि त्यातच शिवाजी महाराज. घोड्यावर बसलेले, पुढेमागे चालणारे शिपाई.

हा संग्रहही शेवटी व्हेनिसला गेला. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं हजार वर्षांचं प्रजासत्ताक बुडवलं आणि फ्रेंचांनी जी लूट नेली त्यात ही चोपडीही पॅरिसला गेली. आज ती फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराजांचं ते घोड्यावरचं चित्र तुम्ही सोशल मीडियावर नक्की बघितलं असणार. ते काढून घेणारा माणूस कोण, हे त्या पोस्टखाली सहसा लिहिलेलं नसतं.

मग मनुचीवर विश्वास ठेवायचा का?

अर्धा. आणि तो अर्धा कुठला, हे ओळखणं महत्त्वाचं.

बाबर-अकबराबद्दल त्याने जे लिहिलं त्यात बाजारगप्पा भरपूर आहेत. तारखा चुकतात. घर सोडल्याचं स्वतःचं सालही तो दोन वर्षं आधीचं सांगतो. औरंगजेबाच्या काळात गवयांनी संगीताची प्रेतयात्रा काढली हा सगळ्यांना ठाऊक असलेला किस्सा त्याच्याच पुस्तकात आहे. पण त्या काळात दरबारी उमरावांकडे गाणं चालू होतं आणि संगीतावरचे ग्रंथही लिहिले जात होते, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. गंमत म्हणजे फ्रेंच प्रवासी बर्नियरने ऐकीव गोष्टी लिहिल्या म्हणून मनुची त्याला नावं ठेवतो.

पण जिथे तो स्वतः उभा होता, तिथे त्याचं वजन वाढतं. सामूगढची लढाई, भक्करचा वेढा, मिर्झाराजांची छावणी, 1683 चं गोवा. तिथेही तो स्वतःला जरा मोठं करून सांगतो. म्हणून त्याचं म्हणणं जयसिंगांच्या फारसी पत्रांशी, पोर्तुगीज कागदांशी आणि मराठी साधनांशी ताडून बघायचं असतं. इतिहासकार तेच करतात.

आपण सोशल मीडियावर नेमकं उलटं करतो. मनुचीचं एखादं वाक्य आपल्या मनासारखं असलं की तो थोर प्रत्यक्षदर्शी होतो. तोच मनुची आपल्याला न आवडणारं काही लिहितो तेव्हा तो थापाड्या फिरंगी होतो. माणूस मात्र तोच असतो. दाराचं मीठ खाल्लेला, मिर्झाराजांचा पगार घेतलेला, शाह आलमचा वैद्य, पोर्तुगीजांचा वकील, इंग्रजांचा शेजारी. त्याने कोणत्या मालकाच्या तंबूत बसून काय बघितलं, हे आधी विचारायचं आणि मग त्याचं वाक्य शेअर करायचं.

तेवढं केलं तर हा व्हेनिसचा पळपुटा आपल्या फार कामाचा आहे. पुरंदरच्या त्या रात्री तंबूत असलेल्यांपैकी डाव अर्ध्यावर टाकून उठलेल्या या एकट्या माणसाने, महाराजांनी आपल्याला काय विचारलं, ते लिहून ठेवलं.